गोठलेल्या गवतावरची पावलं

मर्डो मनरो आणि फर्गस मनरो या सख्ख्या भावांमध्ये सात वर्षं विस्तव जात नव्हता, आणि राहत होते दोघे एकाच भिंतीच्या दोन बाजूंना. घर बापाने बांधलेलं, दगडी. मधोमध भिंत, दोन दारं, दोन धुराडी. मर्डोने लग्न केलं नव्हतं आणि फर्गसची बायको बरीच वर्षं झाली, गेली होती. म्हणजे दोन्हीकडे एकेक म्हातारा, एकेक किटली आणि एकेक खुर्ची. पुढची हिरवळ मात्र एकच होती, सलग, मध्ये कुंपण नाही की झुडपांची रांग नाही. प्रत्येकाच्या दारापासून खडीची वाट रस्त्याकडे जायची आणि तिथे ज्याचं त्याचं फाटक. फर्गसला मर्डोकडे जायचं असेल तर आपल्या वाटेने रस्त्यावर यायचं, शेजारच्या फाटकातून शिरायचं आणि पुन्हा तेवढंच चालायचं. नाहीतर गवतावरून थोडी पावलं. सात वर्षांत दोन्हीची गरज पडली नव्हती.

भांडण कशावरून म्हणाल? जमीनजुमला नाही, बाई नाही, दारू नाही. गवतावरून.

हसू नका. आमच्या या उत्तरेच्या टोकाला गवत उगवायला काहीच करावं लागत नाही, पण ते चांगलं राखायचं म्हटलं की माणसाचा जन्म जातो. ऊन नावालाच, ओल बारमाही. जरा पाठ फिरवली की शेवाळ मुळांत शिरून बसतं, बिनबोलावलेल्या पाहुण्यासारखं, उठायचं नाव नाही. मग शरद ऋतूत दाताळ्याने ते ओरबाडून काढायचं, जमिनीला टोचून भोकं पाडायची, भोकांत वाळू झाडायची, बारीक पात्याचं बी टाकायचं. वसंतात लोहाचं मीठ कालवलेली वाळू पसरायची. तिने शेवाळ काळं पडून मरतं आणि गवत तरारतं. पण ती वाळू द्यायची मोजकी आणि एकदाच. हात सैल सुटला तर शेवाळाबरोबर गवतही जळून खाक.

म्हातारा मनरो, म्हणजे या दोघांचा बाप, या कामातला वस्ताद. उन्हाळ्यातल्या गावजत्रेत उत्तम हिरवळीला चांदीचा पेला देतात, तो त्याच्या कपाटावर इतक्या वेळा येऊन बसला होता की लोक म्हणायचे, पेल्याला आता मनरोंच्या घरचा रस्ता पाठ झाला. पोरांना त्याने बाकी काही शिकवलं नाही, पण एक गोष्ट अशी शिकवली की झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील. रात्री दव गोठून हिरवळ पांढरी झाली, की तिच्यावर पाऊल टाकायचं नाही. गोठलेलं पातं काचेसारखं असतं. पायाखाली आतल्या आत फुटतं. त्या वेळी काही दिसत नाही, पण दोन-चार दिवसांनी जिथे जिथे पाऊल पडलं तिथे काळा ठसा उमटतो आणि वसंतापर्यंत तसाच राहतो. लहानपणी फर्गस एकदा चेंडू आणायला धावला होता, तर म्हाताऱ्याने त्या ठशांपाशी त्याला आणून उभं केलं आणि म्हणाला, "बघ. चोर पळतो, पण हिरवळ नाव सांगते."

हा म्हातारा शेवटच्या वसंतात मर्डोच्या खोलीत खिडकीशी पलंग टाकून पडला होता. त्याला हिरवळ दिसावी म्हणून. ती फुललेली बघून मरावं, एवढीच त्याची इच्छा. मर्डोने सकाळी कामावर जाण्याआधी गुपचूप लोहाची वाळू पसरली. मधे एक सर येऊन गेली आणि वाळू मुळांत बसली. दुपारी फर्गस आला. वाळू काही दिसेना, त्याला वाटलं, मर्डो आळशी, राहूनच गेलं असणार. त्यानेही पसरली. त्याच मापाने, त्याच बापाने शिकवलेल्या हाताने. आणि नेमकं त्यानंतर आठवडाभर आमच्याकडे कधी पडत नाही असं ऊन पडलं.

हिरवळ जळाली. सगळी. म्हाताऱ्याने खिडकीतून पाहिलं आणि एकच शब्द विचारला, "कोणी?"

दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं. खरं तर दोघंही खरं बोलत होते, पण हे तेव्हा ऐकतो कोण! गवत परत यायच्या आत म्हातारा गेला. दफन झालं त्या दिवशी दोघे थडग्याच्या दोन बाजूंना उभे होते. पुढे गवत परत आल्यावर मर्डोने आपल्या अर्ध्या हिरवळीवर कापणीचं यंत्र उभं फिरवलं, फर्गसने आपल्या अर्ध्यावर आडवं. तेव्हापासून तसंच. उभे पट्टे आणि आडवे पट्टे जिथे भेटतात तिथे एक रेघ दिसते, रस्त्यावरूनसुद्धा. पेला दुसऱ्याच कुणाच्या तरी घरी जाऊ लागला. अर्ध्या हिरवळीला पेला देत नाहीत.

तर या नोव्हेंबरात एका सकाळी मर्डो दात घासत खिडकीशी आला आणि घासायचा थांबला.

हिरवळीवर काळी पावलं होती. फर्गसच्या दारातून निघालेली, रेघ ओलांडून सरळ मर्डोच्या खिडकीपर्यंत आलेली. खिडकीखाली बराच वेळ उभं राहून तुडवल्यासारखा एक काळा डाग. मग परत जाणारी दुसरी ओळ. डावं पाऊल बाहेरच्या अंगाला वळलेलं. फर्गसचा घोटा तरुणपणी मोडला होता, तेव्हापासून त्याचं डावं पाऊल तसंच पडतं.

मर्डोच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो तसाच, दातांना फेस लागलेला, बाहेर गेला आणि उकिडवा बसून बोटाने पातं न् पातं तपासून आला. शंकाच नको. तीन-चार दिवसांपूर्वी कडक थंडी पडली होती, त्या सकाळची ही पावलं. दुसऱ्या कुणाची असती तर तो म्हणाला असता, असेल बिचारा परगावचा, माहीत नसेल. पण फर्गस? म्हाताऱ्या मनरोचा मुलगा? ज्याच्या हाडात ही गोष्ट भिनलेली आहे, तो चुकून गोठलेल्या गवतावर चालेल? अशक्य. म्हणजे मुद्दाम. खिडकीखाली उभं राहून वर नाच केलाय नालायकाने.

त्याने तोंड धुतलं आणि रॉडीला फोन लावला. रॉडी कुंपणं घालतो, दारं बसवतो, पैसे मिळाले तर कुत्रंही फिरवतो.

"कुंपण हवंय," मर्डो म्हणाला. "हिरवळीच्या मधोमध. रेघ आखलेलीच आहे. उंच घाल."

"किती उंच, मिस्टर मनरो?"

"पलीकडचा माणूस दिसणार नाही इतकं."

रॉडी शनिवारी येतो म्हणाला.

दुपारी समोरची एफी सार घेऊन आली. ही एफी विधवा, तोंडाने तिखट. ती एकाच पातेल्यात मटणाचं सार करायची आणि दोन डबे भरून दोन दारांत द्यायची. सात वर्षांत या भावांचे जे काही निरोप इकडून तिकडे गेले ते त्या डब्यांबरोबर. नळ फुटलाय, धुराडं साफ करणारा आलाय, एवढेच निरोप, पण तेही तिच्याच तोंडून.

"कुंपण घालतोयस म्हणे," एफी डबा टेबलावर आपटत म्हणाली. रॉडीच्या पोटात काही राहत नाही.

"ये, बघ." मर्डोने तिला खिडकीशी नेलं. "हे बघितलंस? हे काय आहे?"

"पावलं आहेत."

"कुणाची?"

"मला काय विचारतोस? डोळे आहेत की तुला."

"त्याची! त्या हलकटाची! बापाला मारलं ते मारलं, आता माझ्या जिवावर उठलाय. बर्फासारख्या गवतावर, एफी! मुद्दाम येऊन, माझ्या खिडकीखाली, माझ्या झोपेत!"

एफीने हातमोजे काढले, परत घातले. "त्याला विचारलंस?"

"जीभ झडली तरी विचारणार नाही."

"झडली तर बरंच होईल, जरा शांतता." ती दाराकडे गेली, थांबली. "मी विचारते. मला काय, माझी जीभ शाबूत आहे."

ती खडीच्या वाटेने खाली गेली, रस्त्याने फिरून पलीकडच्या वाटेने वर गेली. मर्डोने पडदा ओढला, पण फट ठेवली. सार गार झालं. बऱ्याच वेळाने ती पुन्हा तसाच लांबचा फेरा घालून आली आणि यावेळी न विचारता खुर्चीत बसली.

"त्या दिवशी सकाळी तुझा दिवा लागला नव्हता," ती म्हणाली.

"कुठल्या दिवशी?"

"थंडी पडली त्या. तू पहाटे उठून स्वयंपाकघरात दिवा लावतोस, त्याचा उजेड हिरवळीवर पडतो. पिवळा चौकोन. फर्गसला त्याच्या खिडकीतून तुझं घर दिसत नाही, तो चौकोन दिसतो. रोज पाहतो म्हणे. त्या दिवशी चौकोन पडला नाही. त्याने वाट पाहिली. मग त्याला वाटलं, तू मेलास."

मर्डोला ती रात्र आठवली. त्या रात्री सर्दीने त्याचं डोकं भणभणत होतं. व्हिस्कीत मध आणि गरम पाणी घालून दोनदा घेतलं होतं आणि शेकोटीपुढच्या खुर्चीतच डोळा लागला होता. उठला तेव्हा ऊन वर आलं होतं, दव वितळलं होतं.

"खिडकीतून बघितलं तर तू खुर्चीत, तोंड उघडं. मेलेलाच वाटलास म्हणे. मग घोरलास, तेव्हा तो परत गेला."

"खोटं."

"असेल."

"मी मेलो तर तो बॅगपाइप वाजवत नाचेल. आणि काळजी होती तर रस्त्याने यायचं. वाट आहे, फाटक आहे. बापाने खडी कशाला टाकली? गवतावरून कशाला?"

"मी तेच विचारलं," एफी म्हणाली. "म्हणाला, गवत आहे हे लक्षातच आलं नाही."

मर्डो हसला. कडवट हसला. "फर्गस मनरोच्या लक्षात गवत आलं नाही! ऐक एफी, सुंभ जळला तरी पीळ जात नाही. हे खोटंसुद्धा नीट बोलता येत नाही त्याला."

"तुमच्या दोघांच्या पिळाने माझं आयुष्य खाल्लं," एफी म्हणाली आणि रिकामा डबा उचलून गेली.

पण ते वाक्य मर्डोच्या मागे लागलं. गवत आहे हे लक्षातच आलं नाही. दाढी करताना, कोळसा भरताना, बूट काढताना, तेच. खोटं असेल तर सगळं आहे तसं आहे, शनिवारी रॉडी येईल, खांब ठोकेल आणि विषय संपेल. आणि खरं असेल तर? सात वर्षं तो माणूस रोज पहाटे गवतावरचा पिवळा चौकोन बघत बसला असेल तर? मर्डोला हा विचार सहन होईना. रागावणं सोपं होतं. सात वर्षांचा सराव होता.

शुक्रवारी पहाटे कडक थंडी पडणार असं रेडिओवर सांगितलं. मर्डोने ऐकलं आणि रेडिओ बंद केला. विचारायचं तर नव्हतंच. पण विचारल्याशिवाय कळायला एक रस्ता होता.

शुक्रवारी तो नेहमीच्या वेळी उठला. अंगात कोट चढवला, चाचपडत खुर्चीत येऊन बसला. दिवा लावला नाही. किटली ठेवली नाही, आवाज होऊ दिला नाही. पडदा उघडाच होता. बाहेर चांदण्यात हिरवळ पांढरी शुभ्र पडली होती. काळी पावलंही त्या पांढऱ्यात बुडून गेली होती.

त्याच्या दिव्याची वेळ झाली. टळली.

काही नाही. पलीकडे फर्गसचा दिवा लागला असावा, भिंतीआड किटलीची शिटी ऐकू आली. चहा पितोय. प्या, सावकाश प्या. मर्डोला बरं वाटलं. म्हटलं नव्हतं? खोटारडा. उद्या खांब ठोकू. मग पाय गार पडू लागले आणि त्याला बरं वाटेनासं झालं. त्याच्या मनात आलं, मी आत्ता खरंच मेलो असतो तर असाच बसून राहिलो असतो. एफी दुपारी सार घेऊन येईपर्यंत. आणि शुक्रवारी एफी बहिणीकडे जाते, म्हणजे उद्यापर्यंत. रॉडी येईल, दार वाजवेल, उत्तर नाही म्हणून कुंपण घालून निघून जाईल. मर्डोला भीती वाटली. साधी, लहान पोराला वाटते तशी. आपण कुणाची तरी वाट पाहतोय, हे त्याच्या लक्षात आलं.

तेवढ्यात पलीकडचं दार वाजलं.

खडीवर पावलं वाजली. करकर, करकर, रस्त्याच्या दिशेने. म्हणजे या खेपेला तो विसरला नव्हता. गवत त्याच्या लक्षात होतं, बाप लक्षात होता, तो वाटेने निघाला होता. आणि मग खडीचा आवाज थांबला. मर्डोने श्वास धरला.

मग गवत वाजलं. गोठलेलं गवत पायाखाली मोडतं तो आवाज मर्डो कुठेही ओळखेल. लहानपणी तो आवाज झाला की बापाचा हात कातडी पट्ट्याकडे जायचा. कर्र, कर्र, एक सरळ, एक तिरकं, डावं पाऊल ओढत, घाईघाईने, सरळ रेघ ओलांडून. एकेका पावलाला शेकडो पाती मरत होती आणि मर्डो मनरोच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते गवतासाठी नव्हतं.

पावलं खिडकीखाली थांबली. मर्डोने डोळे मिटले. उघडले असते तर बोलावं लागलं असतं, आणि सात वर्षांनंतर पहिला शब्द कुठला बोलायचा असतो हे कुणी शिकवलेलं नाही. बापाने तर नाहीच. त्याने मान मागे टाकली, तोंड उघडलं आणि घोरायला लागला. जोरात. नंतर आणखी जोरात.

काचेपलीकडे बराच वेळ कुणी हललं नाही. मग पावलं परत गेली. गवतावरूनच.

पलीकडचं दार लागलं तेव्हा मर्डो उठला, स्वयंपाकघरात गेला आणि दिवा लावला. पिवळा चौकोन पांढऱ्या हिरवळीवर जाऊन पडला.

शनिवारी रॉडी खांब घेऊन आला. आदल्या दिवशीची पावलं अजून पुरती काळी पडली नव्हती, पण पिवळट दिसू लागली होती, जुन्यांच्या शेजारी. रॉडी इथलाच पोरगा, त्याला बघूनच कळलं.

"अरे देवा! मिस्टर मनरो, हे कुणी केलं?"

"ते राहू दे. कुंपण नको."

"नको म्हणजे? खांब कापून आणलेत मी!"

"मग घेऊन जा. लाकूड काही लगेच सडत नाही."

"पण तुम्हीच म्हणालात, उंच घाल, पलीकडचा दिसता कामा नये..."

"म्हणालो असेन. म्हाताऱ्या माणसाचं काय मनावर घेतोस? तिथून येण्याजाण्याची वाट आहे."

रॉडी काही तरी पुटपुटत खांब परत गाडीत टाकू लागला. इतक्यात एफी आली, डबा घेऊन, पण पलीकडच्या दारातून. पहिला डबा फर्गसकडे देऊन. तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं की हसू दाबलंय की दुखणं, ते कळेना.

"निरोप आहे," ती म्हणाली.

"नळ फुटला?"

"म्हणतो, तू खरा घोरतोस तेव्हा शेवटी शिटी वाजते. लहानपणापासून. काल वाजली नाही." एफीने आत येऊन डबा टेबलावर ठेवला. "आणि म्हणतो, इथून पुढे मेलास की नाही एवढंच सांगायचं असेल तर मधली भिंत ठोक. गवताला कशाला मारतोस."

मर्डोचे कान लाल झाले. "त्याला सांग..." तो म्हणाला आणि थांबला. एफी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. बाहेर रॉडीची गाडी सुरू झाली, निघून गेली.

"काय सांगू?"

"काही नको."

तो मधल्या भिंतीपाशी गेला. तिथे कोट टांगायची खुंटी होती, तो कोट त्याने बाजूला केला. मूठ वळली, सोडली, पुन्हा वळली. आणि दगडावर दोनदा ठोकलं.

पलीकडून लगेच दोन ठोके आले. इतके लगेच की फर्गस तिथे भिंतीला लागूनच उभा असला पाहिजे.